मालक शोधायला आलेले साहेब

"ही खुर्ची कोणाची?"

पौडच्या तहसील कचेरीत साहेब पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी हे विचारलं. मी खिडकीपाशी टायपिंग करत होते. जवळपास दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे उत्तर देणं माझ्यावर आलं.

"सरकारची," मी म्हटलं.

"ते झालं कागदावर. बसतं कोण?"

"अव्वल कारकून."

"उद्या हिचा पाय मोडला तर आरडाओरडा कोण करेल?"

"तेच करतील."

"मग त्यांची," असं म्हणून साहेब तसेच उभे राहिले. अव्वल कारकून चहाला गेले होते. ते परत येईपर्यंत अर्धा तास साहेब हातात बॅग धरून खुर्चीशेजारी उभेच होते. कारकून आल्यावर त्यांनी रीतसर परवानगी मागितली, आणि मगच बसले. अव्वल कारकून इतके घाबरले की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते स्वतः स्टुलावर बसून होते.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. साहेब मुंबईहून आले होते, कंपनी खात्यातले. कंपनी कायद्यात तेव्हा एक कलम होतं, दोनशे सत्तेचाळीस. कागदावर नावं कुणाचीही असोत, अमुक एक कंपनी खरोखर कोणाची आहे हे शोधायला सरकार त्या कलमाखाली निरीक्षक नेमायचं. निरीक्षकाला कुणालाही बोलावता यायचं, शपथेवर प्रश्न विचारता यायचे, वह्या-कागद मागवता यायचे. साहेबांच्या बॅगेत तसा हुकूम होता. तो ते प्रत्येकाला दाखवत. शिपायालाही दाखवला. शिपायाला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवला.

कंपनी होती भरे गावाच्या बाजूला. पत्र्याची एक लांब शेड, पंचवीस-तीस माणसं, आणि पोलादाच्या पट्ट्यांतून चकत्या पाडणारी यंत्रं. लोक तिला वायसरची, म्हणजे वॉशरची, कंपनी म्हणत. एवढ्याशा कंपनीसाठी मुंबईहून साहेब यायचं कारण हौसाबाई. भऱ्याची हौसाबाई तिथं प्रेसवर कामाला होती. एके दिवशी प्रेस अवेळी खाली आली आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. यंत्रापुढे हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असायला हवी होती. ती नव्हती. कारखान्यांच्या खात्यानं खटला भरला. कोणावर, तर कागदावर जो कारभार पाहणारा डायरेक्टर होता त्याच्यावर. आणि कागदावर होते पौडच्या बाजारातले शिंपी इस्माइलचाचा.

चाचांनी माझं पहिलं परकर-पोलकं शिवलं होतं. त्यांच्या दुकानात एक मशीन, एक इस्त्री आणि एक मांजर, एवढाच कारखाना. समन घेऊन माणूस आला तेव्हा ते काज करत होते. समन वाचून घेतल्यावर त्यांनी विचारलं म्हणतात, "कंपनीत अपघात झाला, बाई वाचली का?" वाचली म्हटल्यावर म्हणाले, "मग बरं झालं." आपल्याला तुरुंगात जावं लागेल हे त्यांना दोन दिवसांनी जावयानं समजावून सांगितलं.

मग कारखान्यांच्या खात्यानं वर लिहिलं, त्या वरच्यांनी आणखी वर लिहिलं, की आरोपी डायरेक्टरला आपण डायरेक्टर असल्याचं माहीत दिसत नाही. असं फिरत फिरत ते साहेबांपर्यंत आलं.

आता खरी गोष्ट अशी, की मालक कोण हे आख्ख्या तालुक्याला माहीत होतं. कोळवणच्या खोऱ्यात पुण्याच्या एका गृहस्थांचं शेतघर होतं. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. पांढरी जीप, पांढरे कपडे, बोलायला गोड. वायसरच्या कंपनीत पान हललं तरी त्यांना विचारून हलायचं. पण कागदावर शेअर होते ते चाचांच्या आणि धोंडिबाच्या नावावर. धोंडिबा म्हणजे भाऊसाहेबांच्या शेतघराचा राखणदार. भाऊसाहेब कागदावर फक्त सल्लागार.

साहेबांच्या हाताखाली मला दिलं, कारण मला मराठी लघुलेखन येत होतं आणि मी पौडचीच, तेव्हा गावची बोली मला कळणार. घरी आले तर आईनं आधी दार लावलं. माझा थोरला भाऊ वायसरच्या कंपनीत पॅकिंगला होता. आई म्हणाली, "तुला काय ठावं न्हाई. कळलं का? काय बी ठावं न्हाई." आमच्या बुद्धविहारामागच्या गल्लीत पगाराची माणसं दोनच, मी आणि भाऊ. मी म्हटलं, बरं.

चौथ्या-पाचव्या दिवशी साहेबांनी विचारलंच. कागद लावता लावता, माझ्याकडे न बघता. "तुम्ही इथल्याच. कंपनी कोणाची, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही साहेब."

"तुम्हाला शपथ दिलेली नाही," ते म्हणाले, "तेव्हा ठीक आहे." आणि पुन्हा कागद लावायला लागले. त्यानंतर त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या सभ्यपणे खोटं ठरवलेलं नाही.

साहेबांना 'माझं' हा शब्द वर्ज्य होता. ही खात्याची सवय की जन्मजात, ते कळायला मार्ग नव्हता. छत्रीला ते 'माझ्याकडची छत्री' म्हणत. चष्म्याला 'मी वापरतो तो चष्मा'. एकदा मुंबईहून फोन आला तेव्हा तहसीलदारांना म्हणाले, "ज्यांच्याशी माझं लग्न झालंय त्यांचा फोन आहे." इथं 'माझं' आलं खरं, पण ते लग्नाला लागलं होतं, बाईंना नाही. तहसीलदार घरी जाऊन बायकोशी भांडले असं ऐकलं, कारण त्यांनी हा प्रयोग करून पाहिला.

आणि ती छत्री. मुळशीच्या पावसात एस.टी. आतूनही गळते. लोक सरकून बसतात, पोतं डोक्यावर घेतात. साहेब एस.टी.त बसल्या बसल्या छत्री उघडत. कंडक्टर म्हणाला, "साहेब, मागच्याला दिसत न्हाई." साहेबांनी मागच्याला विचारलं, "काय बघायचंय आपल्याला?" मागचा विचारात पडला. तो कोळवणपर्यंत विचारातच होता.

पण माझा खरा छळ झाला तो जबाबांवरून. पहिला जबाब मी छान शुद्ध मराठीत टाइप केला. साहेबांनी तो वाचला आणि बोट ठेवलं. "हा माणूस 'आहे' म्हणाला?"

"'हाय' म्हणाला. पण त्याचा अर्थ..."

"'आहे' कोण म्हणालं?"

"मी."

"तुमची साक्ष कुणी काढली?"

सात पानं पुन्हा टाइप केली. तेव्हापासून सरकारी दप्तरात 'न्हाई', 'व्हय', 'कुटं' असं सगळं जसंच्या तसं गेलं. दिल्लीत कुणी ते वाचलं असेल तर त्याचं काय झालं असेल, कोण जाणे.

चाचांचा जबाब त्यातला. चाचा कोर्टाच्या तारखेसाठी शिवलेला काळा कोट घालून आले होते.

"कंपनीचे शेअर तुमच्या नावावर आहेत?"

"असतील."

"कंपनी काय बनवते?"

"वायसर म्हनत्यात."

"तुम्ही कारखाना पाहिला आहे?"

"न्हाई साहेब. एस.टी.तून दिसतो. पत्रा."

"तुम्ही कंपनीचे मालक आहात?"

"समनमंदी तसं लिवलंय."

"समन बाजूला ठेवा. तुम्हाला कागदावर सही करायला कुणी सांगितलं?"

साहेबांची एक पद्धत होती, प्रश्न विचारला की ते दुसरा प्रश्न विचारत नसत. नुसते बसून राहत, चेहऱ्यावर काही नाही. बहुतेक माणसं दोन मिनिटांत काहीतरी बोलून जात. चाचा अकरा मिनिटं बसले. मी घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, चार वर्षांमागं पावसाळ्यात माजी बायको अडली व्हती. नदीला पानी, एस.टी. बंद. एका मानसानं आपली जीप काडली आन् पुन्याला न्हेली. बाई जगली, पोर बी जगलं. त्या मानसानं म्होरं कदी सही मागितली, तर मी वाचून बघायचं का?"

"त्या माणसाचं नाव?"

"ते मी सांगनार न्हाई."

"तुम्हाला तुरुंग होऊ शकतो."

"व्हय. जावई म्हनला."

साहेबांनी मला 'लिहा' अशी खूण केली. मी लिहिलं. चाचा गेल्यावर साहेबांनी जबाबाची पानं टाचली. मग म्हणाले, "या माणसानं कंपनी खरंच चालवायला हवी होती."

भाऊसाहेब जबाबाला आले ते हसत, आणि सोबत तांदळाचं पोतं घेऊन. अस्सल आंबेमोहोर, पोत्याला वास सुटला होता. मी सल्लागार, मी साधा माणूस, इथल्या गोरगरिबांना कंपनी काढायला थोडी मदत केली, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोत्याकडे बोट दाखवलं.

"हे काय?"

"काही नाही हो. आमच्या शेतातला तांदूळ. आपल्याला भेट."

"शेत कोणाच्या नावावर आहे?"

भाऊसाहेब शेतकरी नव्हते आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. ते जरा चाचरले. "तसं... धोंडिबाच्या."

"मग धोंडिबाचा तांदूळ तुम्ही कसा देता?"

"अहो, धोंडिबा आपलाच माणूस."

"कुणी कुणाचा नसतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडून एक पावती टाइप करून घेतली: 'आंबेमोहोर तांदूळ, एक पोतं, मूळ मालकास परत.' दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीची जीप मागवून कोळवणला गेलो आणि पोतं धोंडिबाच्या झोपडीत उतरवलं. धोंडिबा हात जोडून म्हणाला, "साहेब, ह्ये माजं न्हाई. भाऊसाहेब मारतील."

"सात-बारा तुमच्या नावावर आहे. सही करा."

"मी सही केली का कायतरी इपरीत घडतंय साहेब. मागल्या टायमाला कंपनी झाली."

पण त्यानं अंगठा उठवला. हा तांदूळ धोंडिबाच्या घरात शिजला की शेतघरात परत गेला, याची चौकशी साहेबांनी पुढे केली नाही. मी केली. शिजला. धोंडिबाची बायको मला नंतर बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "धा वर्सं लावला, काडला, कांडला. खाल्ला पयल्यांदा."

हौसाबाईला साहेबांनी कचेरीत बोलावलं नाही. आम्ही तिच्याकडे भऱ्याला गेलो. तिनं घोंगडी अंथरली, डाव्या हातानं पाणी दिलं. साहेबांनी तिला मालक कोण असं विचारलंच नाही. विचारलं, त्या दिवशी काय काय झालं ते सांगा.

"सकाळच्याला प्रेस नीट चालत नव्हती. मी मुकादमाला म्हनलं. तो म्हनला, चालू दे, माल द्यायचाय. मंग जेवनाच्या आदी झालं. मी खाली पडले. बाया वरडाय लागल्या. कुनी फडकं बांदलं. अर्ध्या तासानं जीप आली."

"कोणाची?"

"भाऊसाहेबांची. ते आत आले. आन् साहेब," ती म्हणाली, जरासुद्धा आवाज न चढवता, "मी दाराशीच पडले व्हते. ते मला वलांडून गेले. आदी प्रेस बघितली, हात लावून. ती मोडली न्हाई म्हनल्यावर मग म्हनले, हिला न्ह्या."

साहेबांनी मला थांबायची खूण केली नाही तरी माझा हात थांबला होता.

"एवढं सांगताय, तर भीती नाही वाटत?" साहेबांनी विचारलं.

"आता काय घेत्याल?"

जबाबावर अंगठा लागतो. उजव्या हाताचा अंगठा शिल्लक होता. तिनं तो उठवला.

परतीच्या वाटेवर साहेबांनी छत्री उघडली नाही. पाऊस होता. मी म्हटलं, "साहेब, आता झालं ना? सापडला ना मालक?"

"मला सापडला," ते म्हणाले. "कायद्याला नाही. त्यांचा वकील म्हणेल, सल्लागार होते, यंत्राची काळजी वाटली, गेले बघायला. शेअर दुसऱ्यांचे, सह्या दुसऱ्यांच्या. आणि एका बाईशिवाय सगळे शपथेवर 'माहीत नाही' म्हणालेत."

त्या सगळ्यांत माझा भाऊही होता. त्याचा जबाब मीच टाइप केला होता. 'मला काय बी ठावं न्हाई.' जसाच्या तसा.

आता जरा पुढचं सांगते, कारण साहेब पुढे काय झाले हे लोक मला विचारतात. काही झाले नाहीत. ज्या पदावर होते त्याच पदावरून निवृत्त झाले. त्यांनी मुंबईत ज्या कंपन्यांचे मालक शोधले त्यातल्या काहींचे मालक, निघायला नको होती अशी माणसं निघाली, आणि त्यांची बदली पाटण्यापासून मदुराईपर्यंत होत राहिली. निवृत्तीनंतर ते गिरगावात दोन खोल्यांत राहत. मी एकदा गेले होते. दारावर पाटी होती तिच्यावर नाव नव्हतं, 'येथे राहतात' एवढंच होतं. मी म्हटलं, साहेब, नाव राहिलं लिहायचं. ते म्हणाले, "जागा भाड्याची आहे. नाव लिहिलं की लोकांचा गैरसमज होतो." त्यांच्याशी ज्यांचं लग्न झालं होतं त्या बाईंनी मला हळूच सांगितलं, पोस्टमन परत जातो हो.

ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

तर, कायद्याला मालक सापडत नाही म्हटल्यावर साहेबांनी एक गोष्ट केली. त्याच कायद्यात जवळच पुढे आणखी एक कलम होतं. शेअर कोणाचे हे लोक सांगत नसतील, तर सरकार ते शेअर गोठवू शकत असे. ते विकता येणार नाहीत, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत, त्यांच्या जोरावर सभेत मत देता येणार नाही. साहेबांनी वर लिहिलं. चार महिन्यांनी वरून हुकूम आला आणि चाचांचे नि धोंडिबाचे सगळे शेअर गोठले.

मी हुकूम घेऊन चाचांच्या दुकानात गेले. समजावून सांगितलं. चाचांनी विचारलं, "म्हंजी मला आता मत देता येनार न्हाई?"

"नाही चाचा."

"मी कवा देत व्हतो?"

गावात सगळे हसले. ज्या मालकाला मालकी नकोच होती, त्याची मालकी सरकारनं बांधून ठेवली, त्यात बिघडलं काय? मलाही तसंच वाटलं. साहेब मुंबईला निघून गेले. चाचा काळा कोट घालून तारखांना जात राहिले. निकालाचा दिवस जवळ येत होता, आणि चाचांच्या बायकोनं मला एकदा विचारलं, तुरुंगात शिलाईचं काम देतात का.

मग मुंबईची एक मोठी कंपनी रस्त्याकडेची ती जागा, शेड, यंत्रं, सगळी कंपनीच विकत घ्यायला आली. बोलणी झाली, सौदा ठरला. आणि त्यांच्या वकिलानं सांगितलं, शेअर गोठलेले आहेत, आम्ही घेणार कसे?

शेअर मोकळे करा असा कंपनीचा अर्ज वर गेला. आठ दिवसांत साहेब पौडला परत आले होते, आणि नवव्या दिवशी भाऊसाहेब कचेरीत. या वेळी पोतं नव्हतं.

"मला जबाब द्यायचा आहे," भाऊसाहेब म्हणाले. "कंपनी माझी आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "पुरावा?"

"अहो, पुरावा कसला? मीच सांगतोय ना!"

"तुम्ही आधी शपथेवर सांगितलंय की नाही. आता सांगताय आहे. दोन्हींतलं एक खोटं. कोणतं, ते मी कसं ठरवू?"

"साहेब, आख्ख्या तालुक्याला माहीत आहे!"

"आख्ख्या तालुक्यानं शपथेवर माहीत नाही म्हटलंय. वाचून दाखवू? एकेचाळीस जबाब आहेत."

भाऊसाहेब पुण्याला जाऊन आले. त्यांच्या कपाटात चाचांच्या नि धोंडिबाच्या सह्या-अंगठे घेतलेले कोरे ट्रान्स्फर फॉर्म होते. शेअर हवे तेव्हा हव्या त्या नावावर करायची ती सोय. ते सगळे त्यांनी आणून टेबलावर ठेवले. चिठ्ठ्या, पत्रं, कुलपांच्या किल्ल्यासुद्धा. साहेब एकेक कागद उन्हाकडे धरून बघत आणि म्हणत, "हं. शक्य आहे."

"शक्य आहे काय? माझीच आहे!"

"एखादा साक्षीदार असता तर."

म्हणून चाचांना बोलावलं. चाचा आले. भाऊसाहेब उभे राहिले. मी त्यांना कुणासमोर उठून उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "चाचा," ते म्हणाले, "साहेबांना सांगा, कंपनी माझी आहे म्हणून."

चाचांनी त्यांच्याकडे बघितलं. "मी तुमचं नाव घेतलं न्हाई, भाऊसाहेब. कुनापुडं घेतलं न्हाई."

"माहीत आहे हो. आता घ्या."

"तुमी म्हनताय म्हनून घेऊ का खरं हाय म्हनून घेऊ?"

"खरं आहे म्हणून," साहेब म्हणाले.

चाचांनी सांगितलं. मी लिहिलं. भाऊसाहेबांनी सुस्कारा टाकून पेन उघडलं, आणि साहेब म्हणाले, "एकच राहिलं. कंपनी तुमची, ती कधीपासून?"

पेन तसंच राहिलं. हुशार माणूस, त्यांना ताबडतोब कळलं. पहिल्यापासून म्हटलं तर हौसाबाईच्या अपघाताचा दिवस त्यात येत होता.

"गेल्या महिन्यापासून लिहा," ते म्हणाले.

"मग त्याआधी कोणाची होती? ती मला शोधावी लागेल. शेअर तोवर गोठलेलेच राहतील. तीन वर्षंसुद्धा लागतात कधी कधी."

साहेब गप्प बसले, त्यांच्या पद्धतीप्रमाणे. खाली बाजारात कुणीतरी कोंबड्यांसाठी भांडत होतं. मी घड्याळ पाहिलं नाही. भाऊसाहेबांनी शेवटी सही केली. 'स्थापनेपासून.'

चाचा सुटले. खटला भाऊसाहेबांवर गेला. तुरुंग नाही, दंड झाला, खोट्या जबाबाचं आणखी काही वर्षं चालत राहिलं. हौसाबाईला नुकसानभरपाई मिळाली, ती तिनं मुलीच्या शिक्षणाला लावली. कंपनी विकली गेली. माझा भाऊ नव्या मालकांकडेही पॅकिंगलाच राहिला, आणि आई म्हणाली, बघ, उगाच भीत होतीस.

साहेबांचा अहवाल गेल्यावर दोनेक महिन्यांनी ते एकदा रजा टाकून आले. चाचांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं होतं. मागणं एकच: कारखाना एकदा बघू द्या.

आम्ही एस.टी.नं गेलो. चाचा दुकानातून तसेच उठून आले होते, मोजायची टेप गळ्यात. हौसाबाई भऱ्याच्या फाट्यावर येऊन थांबली होती. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "काय पायजे?"

"बघायचंय," चाचा म्हणाले.

"काय म्हनून?"

"दोन वर्सं माजा व्हता."

वॉचमननं साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "कागदोपत्री. खरं आहे." त्यानं सोडलं.

आत यंत्रांचा आवाज कानठळ्या बसवणारा. चाचा प्रत्येक यंत्रापाशी थांबत, कामावरच्या बायांना नमस्कार करत. चकत्यांचा ढीग होता, त्यातली एक त्यांनी उचलून बोटावर फिरवली आणि पुन्हा ढिगात ठेवली. हौसाबाई त्यांना तिच्या प्रेसपाशी घेऊन गेली. नव्या मालकांनी प्रेसपुढे लोखंडी जाळी बसवली होती. चालवणाऱ्या बाईनं यंत्र थांबवलं.

चाचांनी गळ्यातली टेप काढली. जाळीला लावली. आडवी, मग उभी. शिंप्याला मोजल्याशिवाय काही कळत नसावं.

"सतरा इंच," ते म्हणाले. "आन् नऊ. बसवायला किती येळ लागला?"

"एक दुपार," प्रेसवरची बाई म्हणाली.

चाचा टेप गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी गुंडाळत होते. मग हौसाबाईला म्हणाले, "मला सांगायचं कुनीतरी. म्या बसवली असती. मालक व्हतो न्हवं मी."

हौसाबाईनं डावा हात त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर ठेवला.

"तुमाला कसं सांगनार, चाचा," ती म्हणाली. "तुमी हाय, हे मला कुटं ठावं व्हतं?"

साहेब दाराकडे चालू लागले. बाईनं प्रेस पुन्हा सुरू केली. पाचची एस.टी. निघून गेल्याचं आम्हाला फाट्यावर पोचल्यावर कळलं, आणि मग हौसाबाईही घराकडे वळली नाही, आम्ही चौघं पिरंगुटपर्यंत चालत गेलो.